चिऊ, भोपळा रंगव

प्रिय चिऊ,



परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, हॅलोविनला दारात भोपळा ठेवायलाच हवा का? आणि ठेवायचाच तर तो कोरायचा कसा?" पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. दुसऱ्याला उत्तर देते ते असं, की कोरू नकोस, रंगव. एवढं तेव्हाच सांगून टाकलं असतं, पण त्यामागची कारणं आणि रंगवायची रीत नीट सांगावीशी वाटली. लहान मूल कडेवर घेऊन नव्यानं अमेरिकेत आलेल्या कितीतरी मुली मला हेच विचारतात. म्हणून पत्र तुझ्या नावानं लिहिते आहे, पण त्यांनाही वाचता यावं असं.

आधी 'हो' का म्हणाले ते ऐक. या देशात कोणी कोणाच्या दारी न कळवता जात नाही. शेजारच्या घरात बाळ झालं तरी आपल्याला ते दारात बांधलेल्या फुग्यांवरून कळतं. तुम्ही ऑगस्टमध्ये त्या टाउनहाउसात राहायला आलात आणि अजून डावीकडच्या-उजवीकडच्या घरांतल्या माणसांची नावंसुद्धा तुला ठाऊक नाहीत, याचं तुला वाईट वाटतं. ते वाटणं बरोबर आहे. पण ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ वेगळी असते. त्या संध्याकाळी तुझ्या गल्लीतली सगळी मुलं, त्यांच्या मागं हात खिशात घालून उभे असलेले आईबाप, कधीकधी आजी-आजोबाही, आपण होऊन दारापर्यंत येतात आणि घंटा वाजवतात. कोणत्या घराची घंटा वाजवायची याची एक अलिखित खूण आहे. पोर्चचा दिवा लावलेला आणि पायरीवर भोपळा, म्हणजे या घरी या. दिवा मालवलेला असला, की शहाणी मुलं काही न बोलता पुढच्या घराकडे वळतात. तेव्हा तो भोपळा हे तुझ्या घरानं गल्लीला दिलेलं बोलावणं आहे. ते बोलावणं तुझ्या लेकीनं, ठमीनं, आपल्या हातानं लिहावं, असं मला फार मनापासून वाटतं. रंगवण्याचा आग्रह धरते तो त्यासाठीच.

तुझी आई, म्हणजे माझी ताई, सध्या तुझ्याकडे आहे आणि तिला दारात भुताचं तोंड नको आहे, हेही तू हळूच सांगितलंस. तिला रागावू नकोस. आमच्या आईनं अख्खा कोहळा किंवा लाल भोपळा कधी स्वतः चिरला नाही. घरातल्या पुरुषानं आधी सुरी लावायची, मग बायकांनी फोडी करायच्या. कोहळा बळीच्या जागी फोडतात, तेव्हा अख्ख्या फळावर पहिला घाव घालणं म्हणजे जीव घेतल्यासारखं, अशी त्यामागची समजूत. मी ती चाल आता पाळत नाही. पण ज्या घरात ती पाळली गेली त्या घरातल्या बाईला, भोपळ्याचं डोकं उडवून आतला गर ओरबाडून काढायचा आणि डोळ्यांच्या जागी भोकं पाडायची, हे पाहवणार नाही. रंगवायच्या भोपळ्याला सुरी लागतच नाही. ताईला तो खुशाल मांडीवर घेता येईल.

आणि भुतांचं म्हणशील, तर या सणाचं मूळ ताईला समजावून सांग, तिला ते परकं वाटणार नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांचा साविन नावाचा सण सुगी संपून थंडी सुरू होण्याच्या वेळी येई. त्या रात्री मेलेली माणसं घराकडे परत येतात असा समज होता. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस झाला, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. इंग्लंडात गरीब माणसं या दिवसांत दारोदार जात, त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात त्यांना छोटे गोड पाव मिळत. आपल्याकडे पितृपंधरवडा नुकताच उरकून ताई विमानात बसली आहे. गेलेल्यांच्या नावानं दारी आलेल्याला खाऊ घालणं तिला कुणी शिकवायला नको.

आयर्लंडमध्ये भोपळे नव्हते. तिकडे सलगम कोरत. काउंटी मेयोमध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा खेड्यातल्या जीवनाला वाहिलेला विभाग आहे. तिथं अशा एका सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवली आहे. खोल गेलेले डोळे, वेडेवाकडे दात, सुकून आक्रसलेला चेहरा. तिचे फोटो पाहिलेस तर कळेल, की त्या मानानं इथला नारिंगी भोपळा किती हसऱ्या स्वभावाचा आहे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेत आली, त्यांनी आपली ही चाल बरोबर आणली आणि हातात पडला तो इथला भोपळा. मोठा, मऊ गराचा, कोरायला सोपा. म्हणजे आज जे पक्कं अमेरिकन वाटतं, तेसुद्धा नव्यानं आलेल्या माणसांनी हाताशी मिळेल त्या वस्तूवर आपलं जुनं काही बसवूनच झालं आहे. तू रंगाची बाटली आणि ताईचा रांगोळीचा हात घेऊन त्याच ओळीत बसतेस.

भोपळा मात्र खरोखरच या मातीतला. मेक्सिकोत ओअहाकाजवळ गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथं सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या, माणसानं लावलेल्या पिकाच्या ठरल्या. आपण ज्याला लाल भोपळा म्हणतो तोसुद्धा मूळचा अमेरिका खंडातलाच. युरोपियांच्या जहाजांतून तो जगभर गेला आणि आपल्या परड्यात येऊन बसला. आमच्या पिओरियाहून इलिनॉय नदी ओलांडली, की थोड्याच वेळात मॉर्टन नावाचं गाव लागतं. स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवतं. इथल्या दुकानांत जो डब्यातला भोपळा मिळतो त्याचा फार मोठा भाग या गावच्या कारखान्यात भरला जातो. त्या शेतांतून गाडी नेली तर नवख्या माणसाला भोपळे ओळखूच येत नाहीत. ते नारिंगी नसतात. लांबट, बदामी सालीचे, आणि जातीनं आपल्या लाल भोपळ्याचे सख्खे. दारात ठेवायचा तो वेगळ्या जातीचा. हा फरक लक्षात ठेव, शेवटी स्वयंपाकघरात त्याचा उपयोग आहे.

आता कोरणं का नको ते. कोरलेला भोपळा सुंदर दिसतो, हे मान्य. आत दिवा लावल्यावर त्याला जी शोभा येते ती रंगवलेल्याला कधी यायची नाही. पण चार वर्षांच्या मुलीनं त्यात करायचं काय? ओल्या, घट्ट सालीवर दातेरी सुरी चालवणं हे मोठ्यांनाही अवघड. हाताचे शल्यविशारद दर ऑक्टोबरात याबद्दल इशारे देतात, कारण सुरी सटकून बोटांचे स्नायुबंध तुटलेली माणसं त्यांच्याकडे येतात. मग होतं असं, की बाप कोरतो, आई फोटो काढते आणि मूल बाजूला बसून चमच्यानं बिया मोजतं. शिवाय एकदा चिरलेलं फळ ते. उघड्या गरावर बुरशी धरते, आठवड्या-दीड आठवड्यात चेहरा आत बसायला लागतो, आणि आपण केलेली वस्तू सडताना पाहून लहान मूल हिरमुसतं. अख्खा भोपळा सालीच्या आत सुरक्षित असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रंगवलेला, थंडीपासून जपलेला भोपळा थँक्सगिव्हिंगपर्यंतही टिकतो. दिवाळीत आपली मुलं मातीचा किल्ला करतात तसं हे काम आहे, मोठ्यांनी माती आणून द्यायची आणि मग बाजूला व्हायचं. किल्ल्याचा बुरूज वाकडा झाला म्हणून बापानं पाडून नीट केला, तर तो किल्ला मुलाचा राहत नाही.

भोपळा निवडायला ठमीलाच ने. जवळपास एखादं पम्पकिन पॅच असेल तर तिकडे जा. नाहीतर ग्रोसरीच्या दुकानाबाहेर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यांत असतात ते चालतील. नख दाबून पाहा, सालीवर खूण उठता कामा नये. बूड तपासून घे, मऊ डाग तिथंच लपतात. भोपळा डुलत असेल तर परत ठेव. देठ हिरवट, जाड, घट्ट बसलेलं असावं. देठाला धरून भोपळा उचलायचा नाही, हे ठमीला तिथंच शिकव. ते हँडलसारखं दिसतं म्हणून सगळी मुलं तेच धरतात, पण ते मोडलं की त्या जखमेतून कुजायला सुरुवात होते.

मोठाले, खोल पन्हळींचे भोपळे असतात ते बहुतेक हाउडन जातीचे किंवा त्यांच्या वळणाचे. ते कोरणाऱ्यांसाठी. रंगवायला साल गुळगुळीत आणि पन्हळी उथळ हव्यात. पाय पम्पकिन म्हणून लहान, गोल, वाटोळे मिळतात ते मुलांच्या मांडीवर छान बसतात. ल्युमिना नावाचा पांढरा भोपळा मिळाला तर अवश्य घे, त्याच्यावर कुठलाही रंग खुलतो. तळहातावर मावणारे जॅक बी लिटल चार-पाच घेऊन ठेव. मोठ्यावर हात घालायच्या आधी ठमीनं त्यांच्यावर काय वाटेल ते करावं.

आणल्यावर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून भोपळा पूस आणि पूर्ण वाळू दे. माती राहिली तर रंग तिच्याबरोबर निघून येतो. मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्या फडक्यानं एकदा पूस. भोपळ्याच्या सालीवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, रंग धरत नाही तो त्याच्यामुळे. व्हिनेगरनं वरचा तेलकटपणा जातो. काहीजणी बुरशी धरू नये म्हणून अगदी पातळ ब्लीचच्या पाण्यानं धुतात. तेही चालतं, पण ते काम हातमोजे घालून मोठ्यांनी करायचं, आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र आणायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींपैकी एकच काय ते वापर.

रंग अॅक्रिलिकचे घे. क्राफ्टच्या दुकानात दोन औंसाच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या पुष्कळ झाल्या. जलरंग मेणावरून ओघळून जातात. मुलांचे धुता येणारे पोस्टर कलर चढतात, पण पहिल्या पावसात पायरीवर येतात, आणि तुमच्या न्यू जर्सीत ऑक्टोबरात पाऊस यायचाच. अॅक्रिलिक वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. कपड्यावरूनही निघत नाही, म्हणून ठमीला बापाचा जुना शर्ट उलटा घाल, बटणं पाठीवर येतील असा.

नारिंगी सालीवर सरळ निळा किंवा जांभळा लावशील तर तो मळकट दिसेल. खालचा नारिंगी वरच्या निळ्याला खातो. यावर उपाय एकच, आधी पांढऱ्याचे दोन हात द्यायचे. पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा. जाड थर एकदम दिला तर तो वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. हे पांढऱ्याचं काम कुंचल्यापेक्षा स्पंजच्या तुकड्यानं चांगलं होतं आणि ठमी ते न कंटाळता करील. भोपळा घरंगळू नये म्हणून खाली एक पसरट वाडगा ठेव. पांढरं एका संध्याकाळी आणि चित्र दुसऱ्या दिवशी, अशी वाटणी कर. मुलांना वाट पाहायला लावणं जड जातं, पण ओल्या पांढऱ्यात लाल कालवला गेला की रडू येतं, ते त्याहून जड.

चित्र कोणतं काढायचं हे तू ठरवू नकोस. एवढंच पाहा, की चेहरा काढायचा झाला तर तो भोपळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर यावा. टेबलावर ठेवून, समोर बसून काढताना आपण डोळे मधोमध काढतो. पण भोपळा पायरीवर खाली जातो आणि माणसं त्याला वरून पाहतात. मग डोळे जमिनीकडे पाहताहेत असं वाटतं आणि तोंड दिसतच नाही. भोपळा फरशीवर ठेव, ठमीला उभं राहून खडूनं डोळ्यांच्या जागा दाखवू दे आणि मग काढायला बसा. गोल डोळ्यांसाठी बाटलीच्या झाकणाचा शिक्का, ठिपक्यांसाठी कानात घालायच्या कापूसकाड्या, आणि अंगठा तर आहेच. अंगठ्याचे ठसे उमटवून केलेली भुतं मला सगळ्यांत आवडतात. पांढरा ठसा, त्यात दोन काळे ठिपके. मुलाचा हात त्यात कायम दिसत राहतो.

ताईसाठी वेगळा भोपळा ठेव. ती आधी ठिपक्यांची रांगोळी काढायला जाईल आणि देठाजवळ ठिपके एकमेकांवर चढू लागतील, कारण सपाट जमिनीचा हिशोब गोल अंगावर चालत नाही. पण भोपळ्याला निसर्गानंच रेघा आखून दिल्या आहेत. देठापासून बुडापर्यंत उतरणाऱ्या त्या पन्हळी म्हणजे पाकळ्यांच्या कडा आहेत. देठ मध्य धरायचा आणि दर दोन पन्हळींमध्ये एक पाकळी, एक वेल, एक कोयरी उतरवत न्यायची. मुक्तहस्त रांगोळीचा सराव असलेली बाई हे पाहता पाहता करते. ताईचा हात तसा आहे. आपल्याकडच्या काही मुली गेरूचा रंग देऊन त्यावर पांढऱ्या वारली आकृत्या काढतात. त्या देखण्या होतात, पण त्या चित्रांमागं पालघर-ठाण्याच्या पाड्यांतलं लग्न, शेती, देव असं सगळं जग आहे. काढायच्या असतील तर ठमीला त्या कोणाच्या ते सांगून काढा. जिव्या सोमा मशे हे नाव तिला ठाऊक असू दे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते भिंतीवरची ही कला कागदावर उतरवत होते.

माझ्या मनात मात्र एक कल्पना कधीची आहे आणि ती तुमच्या घरात व्हावी असं वाटतं. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येणाऱ्या, आणि वाघ-कोल्ह्यांना चकवत भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट ठमीला पाठ आहे. तिला म्हण, भोपळ्याला एक खिडकी काढू. खिडकीत म्हातारीचा चेहरा, पांढरे केस, मोठं कुंकू. मागच्या बाजूला वाघ आणि कोल्हा, त्यांनी चहूकडे शोधत फिरावं. भोपळा उचलून गोल फिरवला की गोष्ट पुरी. भीतीचा विषयही त्यात आहे, चातुर्यही आहे, आणि नातीला भेटायला इतक्या लांबून आलेली आजी तर घरातच आहे. दारी आलेल्या मुलांनी विचारलं तर ठमी तिच्या शाळेतल्या इंग्रजीत ती गोष्ट त्यांना सांगेल. सांगू दे. कँडी वाटायला थोडा उशीर झाला तर बिघडत नाही.

आता एक गोष्ट मी तुझ्याकडे आग्रहानं मागते. एक भोपळा पूर्ण मोरपिशी रंगाचा कर. त्यावर काही काढू नकोस. तो का, ते सांगते. इथं साधारण दर १३ मुलांमागं एकाला कुठल्या ना कुठल्या अन्नाची अॅलर्जी असते. शेंगदाणा, दूध, अंडं, काजू-बदाम. कँडीच्या पिशवीत हे सगळंच असतं. अशी मुलं या संध्याकाळी सगळ्यांसारखी दारोदार फिरतात आणि घरी आल्यावर आईबाप त्यांच्या पिशवीतलं जवळजवळ सगळं काढून घेतात. टेनेसी राज्यातल्या अॅलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांच्या एका गटानं यावर साधा उपाय काढला. दारात मोरपिशी भोपळा ठेवायचा, म्हणजे या घरी खाऊशिवाय दुसरंही काही मिळेल. फूड अॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेनं २०१४ मध्ये ती कल्पना देशभर नेली आणि आता कितीतरी गल्ल्यांत तो रंग दिसतो. त्या भोपळ्याजवळ वेगळ्या टोपलीत पेन्सिली, स्टिकर, साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या, अंधारात चमकणारी कडी ठेव. कँडीच्या टोपलीत ते मिसळू नकोस, चुरा लागला तरी काही मुलांना त्रास होतो. मी सुरुवातीला म्हटलं, की भोपळा हे बोलावणं असतं. ज्या मुलाला प्रत्येक दारात "हे तुला चालणार नाही" ऐकावं लागतं, त्याला रस्त्यावरूनच कळावं, की इथं माझ्यासाठी काहीतरी ठेवलं आहे. एका रंगाच्या बाटलीत हे होतं. आपल्या शाकाहारी घरांतली मुलं इथल्या वाढदिवसांना जिलेटिनची गोळी परत ठेवतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो, ते तू पाहिलं आहेस.

भोपळे बाहेर मांडताना थेट काँक्रीटवर ठेवू नकोस, खाली पुठ्ठा किंवा पायपुसणं घाल. बूड ओलं राहिलं की तिथून सडतं. भर उन्हात नको, सावलीची पायरी बरी. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर आत आण. सालीच्या आतलं पाणी गोठतं, पेशी फुटतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन लागलं की सगळा भोपळा लिबलिबीत होतो. रंगवलेल्या भोपळ्यात दिवा ठेवता येत नाही, म्हणून अंधार पडल्यावर तो दिसावा याची सोय बाहेरून करायची. पोर्चच्या दिव्याच्या झोतात, पांढरे आणि फिकट रंगाचे पुढे, गडद मागे. दिवाळीसाठी आणलेल्या दिव्यांच्या माळा बाजूनं सोडल्यास तरी उत्तम. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती, आणि आमच्या गल्लीत एकाच पायरीवर आकाशकंदील आणि भोपळे होते.

वर्षानुवर्षं टिकणारं काही हवं असेल तर त्यासाठी वाळवलेले गोर्ड मिळतात. कडक सालीचा, दुधीच्या जातीचा भोपळा. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला लावतात तो याच जातीचा. त्याच्यावर रंगवलेलं पिढ्या टिकतं. पण पहिल्या वर्षी नको. जी वस्तू संपणार आहे तिच्यावर मूल मोकळ्या हातानं रंगवतं.

ती संपल्यावर काय करायचं तेही सांगते, कारण नोव्हेंबरात कचऱ्याच्या गाडीजवळ ढिगानं पडलेले भोपळे पाहून मला फार वाईट वाटतं. रंगवलेला भोपळा खायचा नाही आणि खारींना किंवा शेतावरच्या जनावरांनाही घालायचा नाही. साल मऊ पडायला लागली, की अॅक्रिलिकचा थर नखानं उचलून पाहा. पुष्कळदा तो पापुद्र्यानं निघून येतो. सुरुवातीला ज्या मेणानं रंग चढू दिला नाही, तेच मेण शेवटी तो सोडवायला मदत करतं. रंग पूर्ण सुटला तर भोपळा कंपोस्टमध्ये जातो. जिथं सुटला नाही ती साल तेवढी कापून काढ. हे कापणं अर्थात जावईबापूंनी करावं, ताई समाधानानं बघत बसेल.

आणि दोन पाय पम्पकिन न रंगवता बाजूला ठेव. दारात ठेवायच्या मोठ्या भोपळ्याचा गर पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो, त्याचे घारगे बेचव होतात. पाय पम्पकिनचे चांगले होतात. नाहीतर मॉर्टनचा डबा आण, तो आपल्या लाल भोपळ्याच्या जातीचा. डबा घेताना नीट वाच, नुसता भोपळा लिहिलेला हवा. पायसाठी म्हणून जो मिळतो त्यात साखर आणि दालचिनी-लवंग आधीच घातलेली असते. डब्यातला गर ओलसर असतो, म्हणून गूळ घातल्यावर तो चांगला आटव आणि मगच कणीक मळ. प्रमाण ताईला विचार. तिच्या हातचे घारगे आमच्या घरात सगळ्यांत खुसखुशीत होत, आणि शेजारणींशी ओळख झाली की बशीभर त्यांच्याकडेही पाठव.

ठमीला पापा. ताईला नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी